‘ताई, ही नवीन जाती असेल का?’

गेल्या महिन्यात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीचा मेसेज आला. सोबत चार फोटो. ओल्या कातळावर उगवलेलं बोटभर उंचीचं रोप, वर पांढरा गोंडा. खाली एकच ओळ: ‘ताई, हे कुठल्याच पुस्तकात मिळत नाहीये. नवीन जाती असेल का?’

मी लिहिलं, ‘असू शकेल. कुठली पुस्तकं पाहिलीस?’ तिने दोन नावं सांगितली. यात हसण्यासारखं काही नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी अगदी हेच केलं होतं आणि त्यात माझे चौदा महिने गेले होते. तिला मेसेजमधून सगळं सांगणं जमेना, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुमच्यापैकी जे कोणी वनस्पती किंवा कवक घेऊन संशोधनात उतरायच्या विचारात आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

आधी शब्दांचा एक घोळ निस्तरू. वर्तमानपत्रं स्पीशीजला ‘प्रजाती’ म्हणतात. जुन्या मराठी पुस्तकांत ‘प्रजाती’ हा शब्द जीनससाठी सापडतो. मी इथे स्पीशीजला ‘जाती’ आणि जीनसला ‘वंश’ म्हणणार आहे.

नवीन, पण कोणासाठी?

‘मला ओळखता येत नाही’ आणि ‘आजवर कोणीच याला शास्त्रीय नाव दिलेलं नाही’ या दोन वाक्यांमध्ये खूप मोठं अंतर आहे. नवीन जातीचा पेपर म्हणजे हे अंतर पुराव्यानिशी चालून जाणं. रोप सापडायला एक दुपार पुरते. ते आधी नाव दिलेल्या कुठल्याही जातीचं नाही हे दाखवायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

आणि ‘नवीन’ म्हणजे जगाला अनोळखी, असंही नसतं. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी आळंबी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या खाल्ली जाते. कोकणात, गोव्यात ती कुठे येते, कधी काढायची, कुठली खायची नाही, हे गावातल्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. तिचा वंश, टर्मिटोमायसिस, फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हेम यांनी १९४२ मध्ये मांडला. भारतात सापडणाऱ्या त्यातल्या एका जातीला नटराजन यांनी १९७९ मध्ये त्यांच्याच नावावरून ‘टर्मिटोमायसिस हेमी’ असं नाव दिलं. विज्ञानाच्या दृष्टीने ती जाती १९७९ ची. चुलीवरच्या पातेल्याला त्याचं काय! तेव्हा ‘आम्ही शोध लावला’ असं लिहिताना जरा जपून. आपण नोंद करतो, वर्णन करतो, नाव देतो.

माझे चौदा महिने

माझा अभ्यास एरिओकॉलॉन या वंशावर आहे. मराठीत यांना गेंद म्हणतात. कासच्या पठारावर किंवा कोकणातल्या सड्यांवर सप्टेंबरमध्ये जे पांढरे ठिपके पसरलेले दिसतात त्यांत हे बरेच असतात. जगभरात याच्या चारशेहून अधिक जाती आहेत आणि लांबून बऱ्याच सारख्याच दिसतात. तो गोंडा म्हणजे एक फूल नसतं. त्यात नर आणि मादी अशी कितीतरी बारीक फुलं असतात, एकेक जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं. ओळख पटवायची तर सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक फूल उलगडायचं. निदलं किती, ती सुटी की जोडलेली, परागकोश काळे की पांढरे, गोंड्याचा तळ केसाळ की गुळगुळीत, आणि शेवटी बी, जे एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतं, त्याच्या पृष्ठभागावरची नक्षी कशी आहे.

पहिल्याच सप्टेंबरात सिंधुदुर्गातल्या एका सड्यावर मला एक गेंद मिळाला. गोंड्याखालच्या छदांवर केस नव्हते. माझ्याकडच्या किल्लीत, म्हणजे ओळख पटवण्याच्या प्रश्नावलीत, तो कुठेच बसेना. त्या रात्री मला झोप लागली नाही. मनातल्या मनात नावसुद्धा ठरलं होतं.

मग मॅडमनी विचारलं, ‘टाइप पाहिलास?’ मी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर तो कुठे आणि कसा पाहायचा हेही मला माहीत नव्हतं.

टाइप: नावाची खुंटी

वनस्पतीच्या प्रत्येक शास्त्रीय नावाला एक खुंटी असते, तिला टाइप म्हणतात. नाव देणाऱ्याने कुठला तरी एक नमुना दाखवून सांगायचं असतं: हे नाव या नमुन्याला अडकवलेलं आहे. त्या एका नमुन्याला होलोटाइप म्हणतात. त्याच वेळी, त्याच ठिकाणी गोळा केलेल्या त्याच्या जोडीच्या प्रती म्हणजे आयसोटाइप. पुढे मतं बदलतात, जाती एकत्र होतात, फुटतात, पण नाव त्या खुंटीला धरून राहतं. टाइप हा जातीचा ‘आदर्श’ नमुना असायची गरज नसते. तो खुरटा असेल, किडलेला असेल, तरी चालतं.

म्हणून ‘माझं रोप वेगळं आहे’ म्हणताना ते पुस्तकातल्या वर्णनापेक्षा वेगळं असून भागत नाही. जवळच्या प्रत्येक नावाच्या टाइपपेक्षा ते वेगळं ठरावं लागतं. त्यात आज वापरात नसलेली, दुसऱ्या नावात विलीन झालेली जुनी नावंही आली. सगळ्यांच्या चुकीची सुरुवात इथेच होते. वनस्पतींच्या नावांचा हिशेब १ मे १७५३ पासून, लिनियसच्या ‘स्पीशीज प्लांटारम’पासून धरतात आणि सर्वसाधारणपणे आधीचं नाव ग्राह्य धरलं जातं. एकोणिसाव्या शतकात कोणी दोन ओळींचं वर्णन करून ठेवलं असेल, तर तुमचं दहा पानी वर्णन त्याच्यापुढे मागे पडतं.

सुदैवाने आज हे काम घरबसल्या बरंच होतं. आयपीएनआय या नावांच्या सूचीत त्या वंशातलं प्रत्येक प्रसिद्ध नाव, साल आणि मूळ प्रकाशन मिळतं. मूळ जुनी पुस्तकं, हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’पासून कुकच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरापर्यंत, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात. क्यू आणि इतर मोठ्या हर्बेरियमनी टाइप शीटचे स्कॅन टाकलेले आहेत. पण स्कॅनमध्ये फूल उलगडता येत नाही, तेव्हा हर्बेरियमची पायरी चढायला पर्याय नाही. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आणि आघारकर संस्थेचं, मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं. आधी पत्र लिहा, कुठला वंश पाहायचा ते सांगा, शीट आडवी धरा, कधीही उलटी करू नका. एवढं पाळलं तर तिथली माणसं मनापासून मदत करतात.

मी एकेक टाइप काढत गेले. चौदाव्या महिन्यात एका शंभराहून अधिक वर्षं जुन्या शीटच्या स्कॅनशी थांबले. कोपऱ्यात कोणीतरी पेन्सिलने फूल उलगडून काढलेलं होतं. ते माझंच फूल होतं. त्या जातीच्या छदांवर कोवळेपणी केस असतात आणि गोंडा जुना झाला की झडतात. माझी रोपं सप्टेंबरअखेरची, जुनी होती. माझी ‘नवीन जाती’ म्हणजे नाव असलेल्या जातीची म्हातारी रोपं निघाली.

त्या दिवशी वाईट वाटलं. आता वाटतं, पेपर पाठवण्याआधी कळलं हे नशीब. नाहीतर त्या जातीच्या मागे आणखी एक निरर्थक नाव लागलं असतं आणि पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तेही तपासत बसावं लागलं असतं.

समजा, खरंच नवीन असेल तर?

मग नियम सुरू होतात. शैवाल, कवक आणि वनस्पती यांच्या नामकरणाची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये तिच्यावर चर्चा आणि मतदान होतं. अलीकडची काँग्रेस २०२४ मध्ये माद्रिदला झाली. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं इतकं:

पहिलं, वर्णन किंवा निदान लॅटिन किंवा इंग्रजीत हवं. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत वनस्पतींसाठी लॅटिन सक्तीचं होतं. २०१२ पासून इंग्रजी चालतं. ‘निदान’ म्हणजे ही जाती तिच्या जवळच्या जातीपासून कशात वेगळी आहे ते सांगणारी दोन-चार वाक्यं. पेपरमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. तो लिहिता येत नसेल, तर समजायचं की अजून आपलंच ठरलेलं नाही.

दुसरं, टाइप. १ जानेवारी १९५८ पासून तो सांगितल्याशिवाय नवीन जातीचं नाव ग्राह्य होत नाही आणि १९९० पासून तो कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवला आहे तेही लिहावं लागतं. कपाटात, वहीत, गाइडच्या खोलीत ठेवलेला नमुना उपयोगाचा नाही.

तिसरं, प्रकाशन. छापील किंवा, २०१२ पासून, आयएसएसएन अथवा आयएसबीएन असलेलं पीडीएफ स्वरूपातलं ऑनलाइन प्रकाशन. परिषदेत बोलून नाव होत नाही, वर्तमानपत्रात बातमी येऊनही नाही. आणि आपल्यासाठी मुद्द्याची गोष्ट: नुसतं पीएचडीच्या प्रबंधात लिहिल्यानेही होत नाही. १९५३ पासूनचा प्रबंध, त्यावर आयएसबीएन किंवा तसं स्पष्ट विधान नसेल तर, प्रकाशन मानत नाहीत. प्रबंधात नवीन नाव लिहून पेपर पुढे ढकलणारे विद्यार्थी इथेच अडकतात.

आता नाव. गावावरून, डोंगरावरून, लक्षणावरून, माणसावरून, कशावरूनही देता येतं. आपल्याकडच्या कंदीलपुष्पांची, म्हणजे सेरोपेजियांची, नावं बघा: अंजनेरिका, सह्याद्रिका, कोंकणेन्सिस ही ठिकाणांवरून. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ महाबळे यांच्यावरून महाबळेई. स्त्रीच्या नावावरून दिलं तर शेवट बदलतो, जसं नूरजहानिए. विशाळगडावरच्या एका जातीला २०२३ मध्ये शिवरायांचं नाव मिळालं. स्वतःचं नाव मात्र स्वतः शोधलेल्या झाडाला कोणी देत नाही, तसा संकेत नाही.

कवकांचं थोडं निराळं

माझी एक मैत्रीण कवकांवर काम करते. तिचं म्हणणं, ‘तुमचं रोप वाळलं तरी रोपच राहतं. माझी आळंबी संध्याकाळपर्यंत चिखल होते.’ म्हणून कवकांत रंग, वास, तोडल्यावर रंग बदलतो का, कशावर उगवलं होतं, हे सगळं ताज्या ताज्या लिहावं लागतं. छत्री कागदावर पालथी ठेवून बीजाणूंचा ठसा घ्यायचा, मग मंद उष्णतेवर वाळवायचं.

नियमातही एक पायरी जास्त आहे. २०१३ पासून कवकाचं नवीन नाव मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स यांपैकी एकीकडे नोंदवून मिळालेला क्रमांक पेपरमध्ये छापावा लागतो. आणि पूर्वी एकाच कवकाच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना दोन वेगळी नावं असू शकत. ती सूट २०११ च्या मेलबर्न काँग्रेसने काढून टाकली.

डीएनएचं महत्त्वही कवकांत जास्त. आयटीएस नावाचा तुकडा २०१२ पासून कवकांचा प्रमाण बारकोड मानला जातो. याचं माझं आवडतं उदाहरण २०१४ मधलं आहे. क्यूच्या संशोधकांनी लंडनमध्ये दुकानात मिळणारं वाळवलेल्या पोर्चिनी आळंबीचं एक पाकीट घेतलं आणि तुकड्यांचा डीएनए तपासला. माल चीनमधला होता. त्यात तीन जाती निघाल्या आणि तिघींनाही शास्त्रीय नाव नव्हतं. लोक सूपमध्ये घालून खात होते!

पण डीएनए म्हणजे सगळं नाही. नुसता डीएनएचा क्रम टाइप होऊ शकत नाही. मागे नमुना लागतोच. शिवाय तुमचा क्रम ज्या क्रमाशी जुळवता, त्याच्यावर चुकीचं नाव चिकटवलेलं असेल तर तुमचंही चुकणार.

गठ्ठ्यातली चार रोपं

आता खरी गोष्ट. ती सांगायला मला अजून थोडं जड जातं.

‘माझी’ जाती जुनी निघाल्यावर त्या हिवाळ्यात मी पहिल्या वर्षीचा गठ्ठा पुन्हा उलगडला. त्याच सड्यावरची चार रोपं दुसऱ्या कागदात होती. त्यांच्यावर मी स्वतः एका अगदी सामान्य जातीचं नाव लिहून टाकलं होतं, कारण तेव्हा माझं सगळं लक्ष दुसरीकडे होतं. सवय म्हणून एक गोंडा भिजवून उलगडला. नर फुलांची निदलं त्या सामान्य जातीसारखी नव्हती. दुसरा उलगडला. तिसरा. तेच.

या वेळी टाइप आधी पाहिले. एकाशीही जुळेना. पण चारही रोपांत बी कोवळं होतं, नक्षी तयारच झालेली नव्हती. बी नसलेला गेंद म्हणजे सही नसलेला कागद. आणि मधल्या सप्टेंबरमध्ये मी त्या सड्यावर गेलेच नव्हते. मला ‘माझं’ रोप मिळालेलं होतं ना!

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी गेले. वळणावरून सडा दिसायचा तिथे लाल भिंती दिसल्या. चिरेखाण. जांभा उभा कापून चिरे काढलेले, खाली गढूळ पाणी साचलेलं. गुरं घेऊन चाललेले एक काका थांबले. मी काय शोधते आहे ते पाहिलं आणि म्हणाले, ‘बाय, हयसर आता काय रव्हला नाय.’

त्यांना दोष देता येत नाही, खाणवाल्यालाही नुसता दोष देऊन उपयोग नाही. घरं चिऱ्यांचीच बांधतात, माझ्या आजोळचंही तसंच आहे. पण एक गोष्ट तेव्हा नीट कळली. कुठल्याही जागेच्या पाहणीत झाडांची यादी करतात ती नावांनी. ज्याला नाव नाही ते यादीत यायचं तरी कसं? सडा कागदावर ‘पडीक’ राहतो. क्यूच्या २०२३ च्या अहवालात म्हटलं आहे की अजून वर्णन न झालेल्या वनस्पतींपैकी चारातल्या तीन बहुधा आत्ताच धोक्यात असतील. तो आकडा मी आधी वाचला होता. त्या दिवशी तो डोळ्यांनी पाहिला.

आणखी एक अभ्यास मला धीर देतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असं दिसलं की नवीन म्हणून वर्णन झालेल्या वनस्पतींपैकी फक्त सोळा टक्के गोळा केल्यापासून पाच वर्षांत प्रसिद्ध झाल्या होत्या, आणि जवळपास पाव भाग वर्णनांत पन्नासहून अधिक वर्षं जुने नमुने होते. म्हणजे नमुने वाट बघतात. कोणीतरी चुकीचं नाव लिहून ठेवलेल्या कागदात, वर्षानुवर्षं. माझी चार रोपं आता हर्बेरियममध्ये रीतसर क्रमांकासह जमा केली आहेत. नावाच्या जागी फक्त वंश लिहिला आहे: एरिओकॉलॉन.

तर, तिला काय सांगितलं?

त्या मुलीला मी शेवटी एवढंच लिहिलं:

‘घाई करू नकोस, पण उद्याच परत जा. जमीन वनखात्याची असेल तर लेखी परवानगी आधी घे. पुरेशी रोपं असतील तरच सहा-सात घे, मुळांसकट. थोडी असतील तर दोन घे आणि बाकी राहू दे. काही गोंडे स्पिरिटमध्ये ठेव. जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, पाणी किती, शेजारी काय उगवलं आहे, ते तिथेच उभ्या उभ्या लिही. बी पिकायच्या वेळी पुन्हा जा. सामान्य वाटणारी रोपंही घे आणि त्यांच्यावर खात्री होईपर्यंत नाव लिहू नकोस. मग आयपीएनआयवरून त्या वंशातल्या भारतातल्या सगळ्या नावांची यादी कर आणि एकेक टाइप बघायला लाग. बहुतेक वेळा नाव सापडतं. सापडलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या सड्यावर काय उगवतं ते एका नावाने जास्त कळलं. नाही सापडलं, तर मला फोन कर.’

तिचं उत्तर आलं, ‘ताई, उद्या प्रॅक्टिकल आहे, परवा जाते.’ मी म्हटलं, परवा तरी नक्की जा.

मीही या सप्टेंबरात जाणार आहे. त्या खाणीच्या आजूबाजूचे पाच सडे मी नकाशावर खुणा करून ठेवले आहेत. तीन पाहून झाले. दोन राहिलेत.